चार बोटं वाढीव

माझी उंची चार फूट आठ इंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी "अगं, एवढ्यासाठी कुणी जालन्याला जातं का?" असं विचारायला नको. पाच फूट चारच्या बायकांना हा प्रवास कळायचा नाही. त्यांनीही वाचावा, पण जरा वाकून वाचावा.

साताऱ्यातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं काम करते आहे, त्यातली निम्मी स्टुलावर उभी राहून. चाळिशी उलटल्यावर मला सायकलचं वेड लागलं. दर रविवारी आमचा गट यवतेश्वरचा घाट चढतो, आणि वर पोचल्यावर सगळे माझी वाट बघत चहाचा दुसरा कप घेतात. दोष पायांचा नाही हो! पाय माझे दणकट आहेत. दोष सायकलचा. दुकानात गेलं की दुकानदार मला वरून खाली बघतो, म्हणजे त्याला फार खाली बघावं लागतं, आणि सरळ लहान मुलांच्या कोपऱ्यात नेतो. हँडलला झिरमिळ्या, सीटवर मांजर. मी एक्कावन्न वर्षांची बाई आहे! मोठ्यांची सायकल घ्यावी तर बसल्यावर पायाची फक्त बोटं टेकतात, त्यामुळं थांबायचं म्हटलं की बाजूला उडी मारायची. सिग्नलला उडी. गतिरोधकाला उडी. गटात माझं नावच 'टुणटुण उडी' पडलं होतं.

तर मला माझ्या मापाची सायकल हवी होती. डोंगरात चालणारी, ज्याला हार्डटेल म्हणतात तशी: पुढच्या चाकाला धक्के गिळणारा फोर्क, मागं काही नाही, सरळ कडक लोखंड. आणि थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर. टाचांसकट. आयुष्यात एक तरी वस्तू मला बरोबर मापाची मिळावी, एवढंच मागणं होतं माझं, आणि त्यासाठी मी दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला गेले.

नवीन जालना, शनिवार

प्रवासाचं काही सांगत नाही, बसून बसून अंग आंबलं एवढं पुरे. स्टेशनाबाहेर सुनंदा स्कूटर घेऊन उभी होती. सुनंदा म्हणजे माझी मावसबहीण. लग्न होऊन जालन्यात आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि आता ती अशी बोलते की तिची सख्खी आईच फोन ठेवून मला विचारते, "ही काय म्हणाली गं?"

"कवाची आल्ते मी!" ती ओरडली. "गाडी लेट हाय हे सांगायचं न्हाई का, नले? बस जल्दी. आमटी थंडी होऊन राह्यली."

या सगळ्याचं मूळ सुनंदाचे यजमान. ते बियाण्यांच्या कंपनीत आहेत, गावोगाव शेतं बघत फिरतात. वडीगोद्रीला त्यांना एक गृहस्थ बांधावरून सायकल दामटताना दिसले. सायकल घरी बनवलेली! चौकशी केली तर ते करीमभाई, पेरणीची अवजारं बनवणारे कारागीर. चाळीस वर्षं तिफणी बनवतात, आणि हौस म्हणून स्वतःसाठी एक सायकलही जोडली होती. मी लगेच कागदावर माझी मापं लिहून सुनंदाला पाठवली, तिनं तो कागद त्यांच्याकडं पोचवला. चांगल्या हलक्या पोलादी नळ्या मागवल्या. चाकं, फोर्क, ब्रेक, गिअर मी सुनंदाच्या पत्त्यावर पाठवत राहिले. करीमभाईंशी माझं फोनवर दोनदा बोलणं झालं. "आमची सायकल कुठवर आली?" मी विचारायची. "करून राह्यलो, करून राह्यलो," ते म्हणायचे. मग फ्रेमचा फोटो आला, लिंबाच्या झाडाला टेकवलेली. काय दिसत होती! मी तो फोटो ग्रंथालयातल्या शिपायापासून ते आमच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवला.

सुनंदाच्या बैठकीत माझी दोन्ही चाकं खुंटीला टांगलेली होती आणि एका चाकावर तिचा टॉवेल वाळत होता. स्टेशनाजवळच्या त्या गल्लीत सगळीकडं अडत दुकानं, बँका आणि बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या. एका पाटीवर कपाशीचं बोंड एवढं मोठं रंगवलं होतं की माझ्या डोक्याएवढं असेल. आमच्याकडं पाहुण्याला "जेवणार का?" असं विचारतात, आणि त्यानं दोनदा नको म्हणायचं असतं. इथं विचारतच नाहीत. ताट समोर येतं. ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी. डाळी-धान्य भाजून दळलेलं ते येसर, त्यानं आमटी अशी दाट आणि खमंग होते की मी चार वाट्या प्यायले. सुनंदा म्हणाली, "अजून घे, वाढतं अंग हाय तुझं." लहानपणापासूनची ही थट्टा. मी हसले. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य माझ्यावर उलटणार आहे हे मला काय ठाऊक!

वडीगोद्री, रविवार

सुनंदाच्या यजमानांनी आम्हा दोघींना आणि सगळ्या सामानाला गाडीतून अंबडमार्गे वडीगोद्रीला सोडलं आणि ते आपल्या कामाला पुढं गेले. रस्त्यानं दोन्हीकडं कपाशी फुटलेली, मधूनच मोसंबीच्या बागा. हायवेच्या कडेला टायरची, खताची, चहाची दुकानं आणि त्यांच्या शेजारी पत्र्याची एक मोठी शेड. शेडसमोर तिफणी आणि ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं रांगेत उभी होती, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, त्यामुळं सगळ्यांनाच घाई.

करीमभाई बाहेर आले. सहा फूट उंच, हाडकुळे, पांढरी दाढी, कपाळावर काळा चष्मा सरकवलेला. मागून त्यांच्या बायको शकीलाभाभी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"या, या. बसा ताई," करीमभाई म्हणाले. मग त्यांनी आमच्या मागं गाडीच्या दिशेनं बघितलं. "अन् पोरगी कुटं हाय?"

"कोणती पोरगी?" सुनंदा म्हणाली.

"सायकल जिची हाय ती."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. सुनंदानं माझ्याकडं बघितलं, मी सुनंदाकडं. मग मी शाळेत हात वर करतात तसा हात वर केला.

"मी," मी म्हणाले. "सायकल माझी आहे."

करीमभाईंनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला. खिशातून माझा कागद काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता. "उंची चार फूट आठ इंच," त्यांनी वाचलं. "पायाचं माप, हाताचं माप. वय तर न्हाई लिवलेलं. म्हणलं सातवी-आठवीतली पोरगी असंल. फोनवर तुमी बोलत होत्या, 'आमची सायकल, आमची सायकल'. म्हणलं आई बोलून राह्यली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, वाढत्या अंगाची पोरगी. नळ्या एवढ्या भारी. एका सालात सायकल बारकी पडली म्हणजे? म्हणून चार बोटं वाढवून ठेवलं." त्यांनी चार बोटं एकत्र धरून दाखवली. "लांबीला पन अन् उंचीला पन. गोऱ्ह्याच्या जोडीला जू करायचं म्हणलं तरी आमी चार बोटं जास्तच देतो. गोऱ्हे वाढतेत."

सुनंदा मटकन बाजेवर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. बैलाचं पोर! मला वासराच्या मापानं सायकल बनवली होती!

फ्रेम शेडच्या आत दोरीला टांगलेली होती. तिफणीला देतात तोच पोपटी रंग, सगळे जोड पितळेनं झाळून इतके गुळगुळीत केलेले की बोट फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. इतकी देखणी वस्तू होती ती! त्यांनी दोन्ही टोकं लाकडी ठोकळ्यांवर टेकवून चाकांच्या उंचीवर आणली आणि मला म्हणाले, "उभं ऱ्हाऊन बघा." मी ओलांडून उभी राहिले. वरची नळी अंगाला टेकली आणि मी चवड्यांवर. पुन्हा चवड्यांवरच. पुढं हात केले तर हँडल जिथं येणार ती जागा हाताला लागेना.

आता मनातलं सांगते. माझी आई माझा प्रत्येक फ्रॉक खालून दुमडून शिवायची. बूट एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला. गणवेश पाचवीला घेतला तो दहावीपर्यंत. "पुढच्या वर्षी बरोबर होईल," ती म्हणायची. बिचारी खोटं बोलत नव्हती, तिचा खरंच विश्वास होता. मला दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावायची. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. पण त्यात मला एक सवय लागली, 'चालेल' म्हणायची. बस थांब्यावरचा बाक उंच? चालेल. ओटा उंच? चालेल. लग्नातला शालू दोन वेळा दुमडून नेसला, चालेल.

करीमभाई माझ्या तोंडाकडं बघत होते. शिवाय शेडसमोर तिफणी नंबर लावून, त्यांना घाई, आणि माणूस इतका भला, इतकं सुंदर काम. माझ्या तोंडात 'चा' आला होता. खरंच आला होता.

"नाही," मी म्हणाले. "चालणार नाही, करीमभाई. मी आता वाढायची नाही."

माझाच आवाज मला ओळखू येईना. सुनंदाचं हसू थांबलं. करीमभाईंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवला, आणि ते बाहेर जाऊन एका तिफणीचा फाळ ठोकायला लागले. ठण, ठण, ठण. मला वाटलं झालं, संपलं. बुधवारी रात्रीच्या गाडीचं परतीचं तिकीट होतं. तीन दिवसांत काय होणार!

तिथंच, खिचडी-खट्ट्यानंतर

आमच्याकडं खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. शकीलाभाभींनी केली ती पिवळी, मोकळी, आणि सोबत खट्टा म्हणजे तीळ-दाणे-चिंचेचं आंबट कालवण, वर तळलेले पापड. मला रडू येत होतं म्हणून मी खाल्लं, आणि खाल्लं म्हणून रडू थांबलं.

भाभी नवऱ्यावर चांगल्याच तापल्या होत्या. "मैं बोली थी इनकू, फोन करके पूछो बोलके. कागज देखके नाप लेते क्या? आदमी कू देखना पड़ता." करीमभाई पापड मोडत राहिले.

मग म्हणाले, "चाळीस साल झाले. म्या जोडतो. जोडलेलं म्या कदी कापलं न्हाई."

"तो आज काटो," भाभी म्हणाल्या आणि उठल्या. माझा हात धरून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि पडदा ओढला. बाईमाणसाचं माप करीमभाई घेणार नाहीत, ते काम भाभींचं. त्या गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवतात, टेप गळ्यातच असतो. पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजायला त्यांनी मला लाटणं दिलं. हो, पोळ्यांचं लाटणं! ते दोन पायांत वरपर्यंत घट्ट धरून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि लाटण्याच्या वर खूण करायची. मी, एक्कावन्न वर्षांची, दोन पायांत लाटणं धरून उभी, मी हसायला लागले की लाटणं घसरायचं, लाटणं घसरलं की भाभी हसायच्या, आणि पडद्याबाहेरून सुनंदा विचारत होती, "काय चालू हाय गं तिकडं?" तीनदा मोजलं. तिन्ही वेळा माप कागदातलंच निघालं. भाभींनी भिंतीवर काजळानं रेघ ओढली आणि नवऱ्याला आत बोलावलं.

करीमभाई त्या रेघेसमोर आले. सहा फुटांचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्यानं रेघेला बोट लावलं.

"कापतो," ते म्हणाले. "पन ताई, एक बात. एकदा कापलं का मंग पुन्हा वाढत न्हाई."

"मी पण नाही वाढत," मी म्हणाले.

आधी भाभी हसल्या, मग ते हसले, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. मला एवढं हलकं वाटलं की मी उरलेला खट्टा वाटीनं पिऊन टाकला.

सोमवार आणि मंगळवार, करवत आणि मोसंबी

भाभींनी आम्हा दोघींना परत जाऊच दिलं नाही. "नक्को, यहीं रहो," संपला विषय. अंगणात बाजा टाकल्या, आणि सुनंदा बँकेतली रजा वाढवायला फोन करताना म्हणाली, "बहिणीचं ऑपरेशन हाय." खोटं तरी कसं म्हणायचं?

ऑपरेशन बघायला गर्दी जमली. तिफण दुरुस्तीला आलेला प्रत्येक शेतकरी आधी सायकल बघायचा, मग मला, मग पुन्हा सायकल. करवत पोपटी नळीवर पहिल्यांदा फिरली तेव्हा मी डोळे मिटले. मागचा भाग तसाच ठेवून त्यांनी पुढच्या दोन्ही नळ्या सोडवल्या, चार-चार बोटं कापली, आणि टोकांना कानशीनं अशी खाच घासली की एक नळी दुसरीच्या अंगाला घट्ट बिलगावी. घासायचं काम माझ्याकडं आलं. "हळू. हातात जीव ठेवा," करीमभाई सांगत. मी घासून, लावून, उजेडाला धरून बघायची. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायची. हाताला फोड आला, तो मी सगळ्यांना दाखवला.

वरची नळी आता खाली उतरली. फ्रेम सरळ आहे का हे बघायची त्यांची रीत भारी. तिफणीचे तिन्ही फाळ एका रेषेत आहेत का बघायला ते सुतळी ताणतात. तीच सुतळी त्यांनी मागच्या टोकापासून पुढच्या नळीला वेढून दुसऱ्या बाजूनं मागं आणली, आणि दोन्हीकडचं अंतर बोटानं मोजलं. "बराबर," म्हणाले. मग पितळेची कांडी, ज्योत, आणि सोन्यासारखा रस जोडात उतरला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी वाजवल्या.

"कॅरेज कुटं हाय?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"नसतं याला," मी म्हणाले.

"मंग पोतं कशावर ठेवनार?"

"पोतं नाही नेणार."

"मडगार्ड?"

"नाही."

"स्टँड?"

"नाही."

तो करीमभाईंकडं वळला. "अजून लई काम बाकी हाय म्हना की."

"काम झालं हाय," करीमभाई म्हणाले. "मागून कडक हाय, पायाचा सगळा जोर चाकात जातो. चढाची सायकल हाय ती."

"चढ कुटं हाय इथं?" शेतकऱ्यानं विचारलं, आणि त्याचं खरंच होतं. वडीगोद्रीची जमीन ताटासारखी सपाट! नजर जाईल तिकडं काळी माती आणि पांढरी कपाशी. साताऱ्यात कुठंही तोंड करा, डोंगर आडवा येतो. इथं आभाळच जास्त. मला आधी चुकल्यासारखं झालं, पण मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्या आभाळाची सवय झाली.

सुटे भाग मी बसवले. व्हिडिओ बघून बघून मला सगळं पाठ होतं, असा माझा समज होता. चेन लावली, पेडल फिरवलं, आणि कर्रर्र असा आवाज. करीमभाईंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरला आणि मूठ कानाला लावून ऐकलं, डॉक्टरच्या थाटात. "चेन उलटी गेली हाय. त्या पट्टीच्या आतून पायजे, तुमी बाहेरून घातली." अगं बाई, खरंच की! सुनंदानं तेवढ्यात मोसंबी सोलून सगळ्यांना वाटली आणि माझी फजिती फोडींसोबत चघळली. कापलेल्या जागांवर पुन्हा पोपटी रंग दिला. थोडा माझ्या कपाळावर लागला, तो रॉकेलनं पुसला तरी हिरवट राहिला.

बुधवार, कॅनॉलवर

चढ सापडला. कॅनॉलच्या भरावाचा! शेतातल्या वाटेवरून कॅनॉलच्या वरच्या रस्त्यावर जायला गाड्यांनी पाडलेली एक उतरण आहे, दोन मजली घराएवढी उंच, खडी आणि उखणलेली. सकाळी आम्ही चौघं तिथं गेलो. करीमभाई त्यांच्या मोटारसायकलवर, मागं भाभी, सुनंदा चालत, आणि मी... मी सायकलवर!

काय सांगू! हात हँडलवर अलगद पडले, गुडघे हवे तेवढेच वाकले, मान आखडली नाही. मी ओरडलेच, "सुनंदे, ही माझी आहे!" सपाट वाटेवर तीन फेऱ्या मारल्या. फोर्क मात्र दगडासारखा उडत होता. "तुमचं वजन किती?" करीमभाईंनी विचारलं. सांगितलं. "म्या त्यात माझ्या वजनानं हवा भरली व्हती," म्हणाले, आणि बरीचशी हवा सोडून दिली. मग सायकल खड्ड्यातून अशी गेली, जणू खड्डा बुजवूनच पुढं गेली.

आता चढ. जोर केला, पाय गोल फिरायला लागले, निम्म्यापर्यंत गेले, एक दगड आडवा आला, वेग संपला. आणि मी काय केलं? तेच, जे दहा वर्षं करत आले. बाजूला उडी मारली. पण जमीन तिथं नव्हती हो, जिथं मला वाटत होती! ती वरच होती, अगदी पायापाशी. पाय आपटला, तोल गेला, आणि मी घरंगळत थेट खालच्या कपाशीत. सायकल माझ्या मागून, सावकाश.

कपाशी वेचणाऱ्या दोन बायका धावत आल्या. केसात कापूस, तोंडात माती, आणि मी हसतेय. "लागलं का बाई?" त्यातली उंच होती ती म्हणाली. नाव अनुसया. तिनं मला एका हातानं उचललं आणि दुसऱ्या हातानं सायकल. "मला येती सायकल. शाळेत जायचे मी आष्टीला. बसू का?"

"बसा की!"

पदर खोचून ती बसली. दोन पेडलं मारली आणि तिचे गुडघे हँडलवर थडकले. "आई गं!" मग सुनंदा बसली, तिचेही थडकले. सुनंदा उतरून म्हणाली, "सीट वर करा की जरा." सीट वर केली, तरी पाठ धनुष्य. शेवटी करीमभाई स्वतः बसले. सहा फुटांचा तो माणूस त्या पोपटी सायकलवर असा दिसला की भाभी बांधावर बसल्या त्या उठेचनात. गुडघे कानापाशी!

"कुनाच्याच मापाला न्हाई येत ही," अनुसया म्हणाली. "लई बारकी हाय."

"बारकी न्हाई," करीमभाई म्हणाले. ते उतरले, सीट पुन्हा खाली केली आणि सायकल माझ्याकडं दिली. "मापाची हाय. जा ताई. अन् आता उडी नका मारू. पाय फकस्त खाली सोडा."

मी पुन्हा निघाले. आयुष्यभर सगळ्या जगाच्या मापाला येणाऱ्या वस्तू मला येत नव्हत्या, आणि आता एक अशी होती जी मी सोडून कुणालाच येत नव्हती. या विचारानं इतकी गुदगुली होत होती की दम पुरेना. तरी पाय फिरत राहिले. पहिला दगड गेला. उखणलेली जागा गेली. मागचं चाक जरा घसरलं, मग पकडलं. अजून चार हात, आणि वर रस्ता. आणि तेवढ्यात वरून एक म्हैस आली. माणूस नाही, दोरी नाही, एकटीच, पाणी पिऊन निवांत, वाटेच्या बरोबर मधून. भर चढावर तिनं मला बघितलं आणि ती थांबली.

मी ब्रेक दाबले. अंगातली उडी अर्धी वर आली होती. ती मी गिळली आणि पाय नुसते खाली सोडले.

दोन्ही टेकले. आधी चवडे, मग टाचा. त्या भुसभुशीत काळ्या मातीत दोन्ही टाचा पूर्ण रुतल्या. वरची नळी अंगाला लागली नाही, मधे बोटभर जागा होती. मी डुगडुगले नाही, घसरले नाही, कशाला धरलं नाही. उभी राहिले. सायकलवर, भर चढात, घरच्या ओट्यापाशीही कधी उभी राहत नाही तशी.

खाली करीमभाई माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, माझ्या पायांकडं बघत होते.

"टेकल्या का?" त्यांनी खालून विचारलं.

"टेकल्या," मी म्हणाले. "दोन्ही."

"मंग झाली सायकल," ते म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा काढून पुसायला लागले.

सुनंदा खालून ओरडत होती, "नले, चल की वर! आता काय झालं?" काहीच झालं नव्हतं. म्हैस माझ्या बाजूनं केव्हाच उतरून गेली होती, वाट मोकळी होती, आणि मी तरी तिथंच उभी होते.